पहिल्यांदा कप लावून घेताना

मावसबहिणीच्या हळदीला पाच दिवस असताना मी कपिंग केलं, म्हणजे आतली हवा काढून कातडीला चिकटवतात ते कप पाठीला लावून घेतले. मान आठवडाभर अवघडलेली होती आणि लग्नात नाचायचं होतं, डोक्यात तेवढंच. मागून मोठ्या गळ्याचा ब्लाउज शिवून तयार आहे, हे लक्षातच आलं नाही. हळदीच्या सकाळी खांद्यांच्या मधोमध सहा गोल चट्टे: चार फिकट तांबूस, दोन चक्क वांग्याच्या रंगाचे. मामीनं मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली करून विचारलं, "अगं, घरी सगळं ठीक आहे ना?" नवरा बिचारा तेव्हा मंडपात खुर्च्या लावत होता. दिवसभर सगळ्या मावश्या त्याच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होत्या.

तेव्हापासून ओळखीत कुणालाही कपिंग करायचं असलं की फोन मला येतो. प्रश्न दरवेळी तेच, म्हणून एकदा नीट लिहून काढते. मी डॉक्टर नाही. संगणकासमोर दिवस काढणारी, मान आणि पाठ कायम कुरकुरणारी बाई आहे. चार वर्षांत तीन वेगवेगळ्या ठिकाणी कप लावून घेतले. एका ठिकाणी चांगलाच धडा मिळाला, तोही पुढे सांगते.

आधी थोडं: हे नवं नाही, ही आपली तुंबडीच

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकल फेल्प्सच्या खांद्यावरचे जांभळे गोल जगभर दिसले आणि "कपिंग" हा शब्द आपल्याकडच्या जिममध्ये, फिजिओथेरपीच्या क्लिनिकांत रुळला. माझ्या आजीला मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला तर ती म्हणाली, "ही तर तुंबडी! आमच्या गावात वैदू यायचे ना लावायला." तिच्या लहानपणी वैदू गावोगाव फिरत. दुखऱ्या जागी बारीक फासण्या (वरवरच्या चिरा) टाकायचे, वर शिंग किंवा तुंबडी लावायची आणि "खराब रगत" काढायचं, असा तो प्रकार. आजीच्या माहेरी बेंबी सरकली की पोटावर पणती ठेवून वर पितळी तांब्या पालथा घालत. पणती विझायची आणि तांब्या पोटाला घट्ट धरायचा. कप पकडतो तो याच तत्त्वावर.

आयुर्वेदाच्या सुश्रुतसंहितेत हे रक्तमोक्षणाखाली, म्हणजे रक्त काढण्याच्या उपचारांत येतं. वातानं बिघडलेल्या रक्तासाठी गाईचं शिंग, पित्तासाठी जळू आणि कफासाठी अलाबू, म्हणजे कडू भोपळ्याची तुंबडी, अशी वाटणी तिथे आहे. शिंगातून तोंडानं ओढून घ्यायचं, तर तुंबडीच्या आत दिवा ठेवायचा, इतक्या बारकाव्यानं ते सांगितलं आहे. युनानी वैद्यकात याला हिजामा म्हणतात. औषध न देता शरीरावर केलेले जे उपचार असतात, त्या "इलाज बित्तदबीर" शाखेत तो मोडतो. इब्न सिना (९८०–१०३७) याच्या ग्रंथातही त्यावर लिहिलेलं आहे. चीनमध्ये बांबूच्या नळ्या आणि काचेचे पेले वापरतात. फिनलंडमध्ये तर गरम सौनात (वाफेच्या खोलीत) बसवून बायका तुंबड्या लावत, हे वाचल्यावर मला फार गंमत वाटली. एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या इतक्या लोकांना एकच युक्ती सुचली, म्हणून ती प्रत्येक रोगावर चालते असं मात्र नाही. आपल्या भाषेत "तुंबड्या लावणं" म्हणजे एखाद्याला पिळून काढणं, हेही विसरू नका. त्याच्याकडे पैशांच्या भागात परत येऊ.

कप नेमकं काय करतो

कपातली हवा काढली की आत दाब कमी होतो आणि कातडी व तिच्याखालचे मऊ थर वर ओढले जातात. तळणीत पुरी फुगते तशी कपाच्या आत पाठ फुगते. मालिशमध्ये स्नायू दाबला जातो, इथे तो वर उचलला जातो. ओढ जास्त झाली की त्वचेखालच्या बारीक केशवाहिन्या फुटतात, त्यातलं रक्त तिथेच पसरतं आणि गोल चट्टा उठतो. थोडक्यात, ठरवून उठवलेला काळानिळा डाग.

"जितका काळा डाग, तितकं जास्त विष बाहेर" हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकवलं जाईल. ते सोडून द्या. डागाचा रंग ठरतो ओढ किती, कप किती वेळ ठेवला आणि तुमची कातडी कशी यावरून. शरीरातला कचरा काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, त्यांना पाठीवरून दार नाही.

मग उपयोग होतो का? मान, पाठ, कंबर यांच्या स्नायूंच्या दुखण्यात थोड्या काळासाठी आराम पडतो, असं बऱ्याच लहान अभ्यासांत दिसलं आहे. अडचण अभ्यासांच्या दर्जाची आहे. २०१२ साली १३५ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेक चाचण्यांची रचनाच कच्ची निघाली. मला जास्त बोलकी वाटली ती जर्मनीतली, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी. फायब्रोमायल्जियाच्या (अंगभर कायम दुखत राहण्याच्या आजाराच्या) १४१ रुग्णांपैकी काहींना खरे कप लावले, काहींना बारीक भोक असलेले, म्हणजे ओढ टिकूच नये असे कप लावले, आणि काहींचे नेहमीचे उपचार तसेच चालू ठेवले. नेहमीच्या उपचारांपेक्षा खऱ्या कपांनी बरं वाटलं, पण भोकवाल्या कपांच्या तुलनेत ते सरस ठरले नाहीत.

हे वाचूनही मी कप लावायला जाते, मग मला वेडी म्हणायचं का? तुम्ही ठरवा. वीस मिनिटं फोन बाजूला ठेवून पालथं पडणं, कुणीतरी दुखऱ्या जागी नीट हात लावणं, यातही औषध असतंच. स्नायूंची उसण तशीही आठ-पंधरा दिवसांत ओसरते. ते दिवस सुसह्य झाले आणि मान फिरवून व्यायाम करता आला, तर मला तेवढं पुरतं. मधुमेह, थायरॉइड, वंध्यत्व, लकवा यांवर उपाय म्हणून कुणी हे विकत असेल, तर तिथून उठा.

पायरी १: दुखणं कपाचं आहे का, ते आधी बघा

कपिंगला जायचं ते स्नायूंच्या साध्या दुखण्यासाठी: बसून बसून आखडलेली मान, ओझं उचलल्यावर भरलेली उसण, धावून जड झालेल्या पोटऱ्या. पण पुढचं काही असेल तर आधी डॉक्टर गाठा. कंबरेतून पायात उतरणारी कळ आणि त्याबरोबर बधिरपणा किंवा पायातली ताकद कमी होणं. लघवी-शौचावर ताबा न राहणं, यात तर एक तासही घालवू नका. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, तापाबरोबरचं दुखणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, विनाकारण वजन उतरणं. आणि छातीतून डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ. "गॅस धरलाय, दोन कप लावा" असं म्हणत हृदयविकाराचा झटका अंगावर काढणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत.

पायरी २: तुम्हाला चालेल का

सासूबाईंचे गुडघे दुखतात. शेजारणीनं हिजामाचं नाव काढलं आणि त्यांनी माझ्यामागे लकडा लावला. चौकशी करून एका युनानी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी रक्तदाब मोजला आणि चालू औषधं विचारली. सासूबाईंनी पिशवीतून श्रीखंडाचा जुना डबा काढला. त्यांच्या सगळ्या गोळ्या त्यातच राहतात. डॉक्टरांनी एकेक पट्टी उलटून नाव वाचलं आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या पट्टीपाशी थांबले.

"मावशी, ही गोळी कशासाठी चालू आहे?"

"ती होय, स्टेंट टाकलाय ना मागच्या वर्षी."

डॉक्टरांनी डबा बंद करून परत दिला. "मग मी तुम्हाला ब्लेड लावणार नाही. आणि हिजामासाठी म्हणून ही गोळी मनानं बंद करायची नाही. कुणीही सांगितलं तरी नाही."

सासूबाई रिक्षात बसेपर्यंत फुरंगटलेल्या होत्या. मला मात्र त्या दिवशी चांगला माणूस कसा ओळखायचा ते कळलं. कुणाला उपचार करायचा नाही, हे ज्याला कळतं, त्याच्या हाती पाठ द्यावी.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हिमोफिलियासारखा रक्तस्रावाचा विकार, हिमोग्लोबिन कमी असणं, गरोदरपण, पायातल्या शिरेत गुठळी, चालू असलेले कर्करोगाचे उपचार, ताब्यात नसलेला मधुमेह, यांपैकी काहीही असेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. सोरायसिस किंवा इसब असेल तर कपानं ते वाढू शकतं. जखम, पुरळ, भाजलेली कातडी, फुगलेल्या शिरा यांच्यावर कप लावायचाच नाही. लहान मुलांच्या वाटेला तर जाऊच नका.

पायरी ३: कोरडं की ओलं

नवखे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात ते इथे. फोनवर "कपिंग करायचंय" एवढंच सांगतात आणि समोर ब्लेड आलं की घाबरतात.

कोरड्या कपिंगमध्ये फक्त ओढ असते, रक्त निघत नाही. कप एका जागी ठेवतात, किंवा तेल लावून पाठीवरून सरकवत नेतात. सरकवणारा प्रकार मला स्वतःला जास्त आवडतो. दुखतं थोडं जास्त, पण डाग एकाच जागी गडद न उठता पसरट आणि फिकट उठतात. फिजिओथेरपिस्ट करतात ते बहुतेक कोरडंच.

ओल्या कपिंगमध्ये, म्हणजे नेहमीच्या हिजामात, आधी काही मिनिटं कप लावून कातडी वर आणतात, मग कप काढून निर्जंतुक ब्लेडनं अगदी वरवरच्या फासण्या टाकतात आणि पुन्हा कप लावतात. कपात रक्त जमतं. ही छोटी शस्त्रक्रियाच आहे असं समजा. कावीळ ब आणि क, एचआयव्ही हे सगळे धोके इथे आहेत. कोरड्यात ते फारच कमी.

मी ओलं एकदाच करून घेतलं, त्याच डॉक्टरांकडे. फासण्या मांजरीनं हलकं ओरखडावं तशा वाटल्या. आठ-दहा बारीक टिचक्या, वेदना अशी नाहीच. डॉक्टरांनी कप काढून दाखवला तर आत जांभळाच्या जेलीसारखा थरथरणारा गोळा. शेजारच्या खाटेवरचे काका म्हणाले, "बघा, किती घाण होती!" डॉक्टर हसले. "काका, कपात थांबलं की रक्त गोठणारच. तुमच्या बोटातनं काढून ठेवलं तरी असंच दिसेल."

पहिल्यांदा जात असाल तर कोरडंच करा. इस्लामी परंपरेमुळे हिजामा ही तुमच्या श्रद्धेची गोष्ट असेल तर तो भाग वेगळा. तो मान ठेवूनही ब्लेड, कप आणि करणारा माणूस यांची चौकशी करता येते.

पायरी ४: माणूस निवडणं

ओलं करायचं असेल तर नोंदणीकृत डॉक्टरकडेच. युनानीची पदवी बीयूएमएस, आयुर्वेदाची बीएएमएस. महाराष्ट्रात या दोघांची नोंदणी महाराष्ट्र काउन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते आणि नोंदणी क्रमांक भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर दिसायला हवा. दोन दिवसांचा "हिजामा कोर्स" केल्याचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट म्हणजे पदवी नव्हे. मुंबईत वर्सोव्याला, पुण्यात आझम कॅम्पसमध्ये, मालेगावात मन्सुऱ्याला युनानी महाविद्यालयं आहेत. तुम्ही जवळपास राहत असाल तर चौकशीची सुरुवात तिथून करा.

कोरड्यासाठी पदवीधर फिजिओथेरपिस्ट उत्तम. तो कपांच्या आधी मान कुठवर वळते ते बघेल आणि कप काढल्यावर लगेच व्यायाम करून घेईल. दुखणं उतरलेलं असतं त्या तास-दोन तासांत आखडलेला सांधा हलवून घ्यायचा, कपिंगचा खरा वापर मला तिथेच दिसला. हाडांच्या डॉक्टरांनी निदान करायचं, फिजिओनं व्यायाम बसवायचा आणि कप मध्ये थोडी वाट मोकळी करून द्यायचा. एकात्मिक उपचार म्हणजे माझ्या अनुभवात एवढंच. ज्यात एक उपचार दुसऱ्याची औषधं बंद करायला सांगतो, त्याला मी एकात्मिक म्हणणार नाही.

फोनवरच विचारून घ्या: करणार कोण, डॉक्टर स्वतः की मदतनीस? कप एकदाच वापरून टाकता की धुऊन पुन्हा? ओल्या कपिंगमध्ये कप आणि ब्लेड दोन्ही तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाले पाहिजेत. "आम्ही डेटॉलमध्ये भिजवतो" हे उत्तर आलं तर फोन ठेवा. तिथे गेल्यावर कोपऱ्यातल्या डब्यांकडे एक नजर टाका. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ब्लेड-सुयांना भोक न पडणारा पांढरा डबा, रक्ताच्या कापसाला पिवळी पिशवी, वापरलेल्या प्लास्टिकला लाल पिशवी लागते. सगळं एकाच काळ्या पिशवीत कोंबलेलं दिसलं तर बाकी काय काळजी घेत असतील, याचा अंदाज येतो.

बाहेरच्या बोर्डावर "शुगर, बीपी, कॅन्सर, लकवा मुळापासून बरा" असं लिहिलेलं असेल तर आत जायचीसुद्धा गरज नाही. अशा आजारांवर उपाय असल्याची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यानं गुन्हा आहे.

पायरी ५: त्या दिवशी

उपाशीपोटी जाऊ नका आणि भरल्या ताटावरून उठूनही जाऊ नका. दोन तास आधी पोहे, पोळी-भाजी असं काहीतरी हलकं खा. हिजामासाठी काही ठिकाणी उपाशी बोलावतात. तसं सांगितलं आणि तुम्हाला चक्कर येण्याचा किंवा साखर उतरण्याचा त्रास असेल तर आधीच सांगा. पाणी प्यायलेलं असू द्या. सैल, समोरून उघडणारा जुना कुर्ता किंवा शर्ट घाला. पाठीवर केस असतील तर कप नीट धरत नाही, पण म्हणून त्याच सकाळी घरी वस्तरा फिरवू नका, कातडी सोलवटते. आणि माझ्यासारखं करू नका: पुढच्या दोन आठवड्यांत लग्न, फोटो, पोहणं काय काय आहे, ते कॅलेंडरवर बघा.

हिजरी महिन्याच्या १७, १९ आणि २१ तारखा हिजामासाठी चांगल्या मानल्या जातात. त्या दिवशी युनानी दवाखान्यांत भरपूर गर्दी असते. तुमचा तारखेशी संबंध नसेल तर दुसरा दिवस घ्या, डॉक्टरही निवांत भेटतात.

पायरी ६: खाटेवर

कातडी स्पिरिटनं पुसतात. मग कप टेकवतात आणि वरच्या झडपेला हातपंप लावून ओढतात. टक्, टक्, टक्. पहिल्या ओढीला फक्त गार प्लास्टिक जाणवतं, दुसरीला चिमटा, तिसरीला "अरे बापरे". तिथेच "बास" म्हणायचं. पहिल्या वेळी दोन-तीन ओढी पुष्कळ झाल्या. ताण वाटला पाहिजे, कळ येता कामा नये. मिनिटभरात चिमटा बोथट होऊन उबदार जडपणा येतो. आधीपेक्षा दुखायला लागलं, आग झाली, मुंग्या आल्या तर लगेच सांगा. सहन करण्यात शौर्य नाही.

काचेच्या कपात पेटता बोळा फिरवून हवा काढायची चिनी पद्धतही काही ठिकाणी आहे. बघायला झकास, पण स्पिरिटचा थेंब पाठीवर पडला की भाजतं. नवख्यानं पंपाचेच कप घ्यावेत.

वेळ किती? पहिल्यांदा पाच मिनिटं, पुढे फार तर दहा. आता माझा धडा सांगते. एका ठिकाणी मुलीनं कप लावले आणि ती फोन घ्यायला बाहेर गेली. पालथं पडल्यावर घड्याळ दिसत नाही, मला गुंगी आली. ती परतली तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. दोन कपांखाली पाण्यानं भरलेले फोड उठले होते, चण्याएवढे. "चांगलंय, पाणी निघालं अंगातलं," असं तिनं मला सांगितलं. त्या फोडांचे वण अजून आहेत. तेव्हापासून मी स्वतः मोबाइलवर गजर लावून हाताशी ठेवते.

कप लावायची जागा म्हणजे मांसल भाग: खांदे, पाठ, कंबर, मांड्या, पोटऱ्या. मणक्याच्या हाडावर थेट नाही, मानेच्या पुढच्या बाजूला कधीच नाही. डोक्यावर हिजामा करतात, पण डोक्याला कप लावल्यावर कवटीच्या आत रक्तस्राव झाल्याच्या विरळ का होईना, नोंदी आहेत. मी माझ्या माणसांना नाही म्हणते.

काढताना कप उपटायचा नसतो. झडप उचलली की फुस्स करत हवा आत जाते आणि कप आपोआप सुटतो. उठताना घाई नको. कुशीवर वळा, पाय खाली सोडून मिनिटभर बसा. ओलं झालं असेल तर पाच-दहा मिनिटं बसाच. रक्त बघून घेरी येणारे धडधाकट पुरुष मी दोन तरी पाहिलेत.

पायरी ७: घरी आल्यावर

त्या दिवशी कडकडीत पाण्यानं अंघोळ, जिम, पोहणं, दारू टाळा. पंखा आणि एसी थेट पाठीवर नको, असं सगळेच सांगतात. त्यामागे शास्त्र किती ते सोडा, गार झोतानं आखडलेली मान पुन्हा आखडते, एवढा माझा अनुभव आहे. ओल्यानंतर पट्टी कोरडी ठेवा आणि डॉक्टरांनी दिलेलंच मलम लावा. हळद-तेल थापू नका.

डाग आधी लाल, मग जांभळे, हिरवट, पिवळसर होत साधारण आठवड्यात जातात. कधी दोन आठवडेही लागतात. दुसऱ्या दिवशी अंग ठणकणं ठीक. पण फासण्यांच्या जागी सूज, पू, गरमपणा किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा. फोड आले तर फोडू नका. याच दिवसांत दुसऱ्या डॉक्टरकडे तपासायला गेलात तर "हे कपिंगचे डाग आहेत" असं आपण होऊन सांगा, नाहीतर तेही माझ्या मामीसारखेच बघतील. ओलं केल्यावर रक्तदान शिबिरात गेलात तर फॉर्म भरताना लपवू नका. कातडी छेदणाऱ्या उपचारांनंतर रक्तपेढ्या काही काळ थांबायला सांगतात.

पैसे आणि किती वेळा

इथे ती तुंबडी आठवा. बऱ्याच ठिकाणी दर कपावर असतो, त्यामुळे कप वाढवण्याकडे कल असतो. मान दुखतेय तर चार-सहा कप पुरे. "सोबत लिव्हरचे पॉइंट, किडनीचे पॉइंट घेऊन टाकू" म्हणत वीस कप लावले की बिल फुगतं, तुमची मान तेवढीच सुधारते. दहा बैठकांचं पॅकेज आगाऊ पैसे भरून घेऊ नका. एक बैठक घ्या, आठवडा जाऊ द्या, मान किती वळते ते आरशात बघा. तीन बैठकांनंतर फरक नसेल तर चौथी घेऊ नका, निदानच पुन्हा करून घ्या. ओलं तर वारंवार नकोच. वरचेवर रक्त काढून पांडुरोग (ॲनिमिया) झालेल्या रुग्णांच्या नोंदी आहेत, आणि आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन आधीच काठावर असतं.

घरचा संच

ऑनलाइन मिळणारा पंपाचा प्लास्टिकचा संच मीही घेतला. फक्त कोरड्यासाठी. त्या डब्यात कधीकधी ब्लेड किंवा टोचणी येते, ती मी आल्याबरोबर दवाखान्यात टाकायला दिली. घरी फासण्या कुणीही, कुणालाही टाकायच्या नाहीत. सिलिकॉनचे मऊ कप नवख्यांना जास्त बरे. ते बोटांनी दाबून लावायचे असतात, त्यामुळे फार ओढ बसत नाही. स्वतःच्या पाठीपर्यंत हात पोचत नाही, तेव्हा दुसरा माणूस लागतोच, आणि त्याला हे सगळं वाचायला लावा.

आमच्याकडे पंप नवऱ्याच्या हातात असतो. दोन टक्, पाच मिनिटं, गजर. नंतर कप साबणाच्या पाण्यानं धुऊन, स्पिरिटनं पुसून, पालथे वाळत घालायचे. संच एकाच माणसाचा, भावाला किंवा शेजारणीला उसना द्यायचा नाही. सासूबाई अजूनही अधूनमधून डब्याकडे बघून म्हणतात, "एक लावून बघू का गुडघ्याला?" मग मी श्रीखंडाचा डबा त्यांच्यापुढे ठेवते.